शुक्रवारी गेलीस, आक्का

आक्का, तुझ्या मयताला मी नव्हते.

पोशीरमध्ये हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या आळीतल्या बायकांनी मला तोंडावर विचारलं, "काय गं मंदे, एरवी दारात गाडी लावून उभी असायचीस, आनि आज कुटं होतीस?" मी उत्तर दिलं नाही. एरवी दिलं असतं, माझी जीभ तुला माहीत आहे. पण सगळं आटोपल्यावर, धुतलेल्या ओटीसमोर उभं राहून मी कुणाशी वाद घालणार? वाद घालायला तू हवी होतीस. आपला वाद अजून अर्धाच राहिलाय.

तुझं दहावं व्हायचंय. तोवर माणूस घराच्या आसपास असतं म्हणतात. असलीस तर ऐक. गाडीत बोलते तशीच बोलणार आहे मी, पुढे बघून, आरशातून. तुला ते आवडायचं नाही. "पाठ करून बोलतीस, मी काय सामान हाय?" असं म्हणायचीस. आता गाडी चालवताना मान मागे वळवली तर सगळ्यांचंच दहावं एका दिवशी घालावं लागेल, हे तुला किती वेळा सांगितलं असेल मी. तुझं आपलं तेच.

पहिल्या दिवशीच आपलं वाजलं होतं. मी संस्थेच्या गाडीवर नवीन होते. त्याआधी बाबांचा टेंपो चालवायचे, कधी विटा, कधी पेंढा. विटा काही बोलत नाहीत. ही गाडी वेगळी. मागचं दार उघडलं की लोखंडी उतरण जमिनीला टेकते, माणूस खुर्चीसकट आत जातो, मग खुर्चीचे ब्रेक लावायचे, चारी बाजूंनी पट्टे ओढून घ्यायचे. कर्जत आणि खालापूरच्या गावांतल्या ज्या लोकांना एसटीची पायरी चढता येत नाही, त्यांना दवाखान्यात नाहीतर व्यायामाला न्यायचं आणि परत घरी सोडायचं. साहेबांनी मला पट्टे दाखवले, उतरण दाखवली, डिझेलच्या पावत्या कुठे ठेवायच्या ते दाखवलं. माणसाला हात कसा लावायचा ते काही कुणी दाखवलं नाही. तुझ्या अंगणात आले तेव्हा तू तयार होऊन बसली होतीस, पातळ चापूनचोपून नेसलेली, अंबाड्यात अबोली. मी आपली उत्साहात मागून खुर्ची धरली आणि ढकलायला लागले.

"ए पोरी. खुर्चीला हात लावायच्या आधी इचारायचं असतं."

"न्यायलाच आले ना मी?"

"तुला नवऱ्याने मागून येऊन असं ढकलत नेलं तर चालंल का तुला?"

"मला नवराच नाही," मी म्हणाले.

"मला पन नाय. पन मला लाज हाय. इचार."

विचारलं बाई. नाक मुरडून विचारलं. तू उगाच थांबलीस थोडी, आणि मग राणीसारखी मान हलवून "चल" म्हणालीस. कर्जतच्या व्यायामाच्या केंद्रापर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्यात प्रत्येक खड्ड्याला तू ओरडत होतीस. कमरेखाली तुला काही कळायचं नाही, गाडी आदळली की तू खुर्चीत घसरायचीस, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? उतरल्यावर तू शांतपणे सांगितलंस, "खड्डा तुला दिसतो, मला नाय. आधी सांगत जा, मी धरून बसंन." तेव्हापासून मी खड्डा आला की "धरा" म्हणते. कुणीही गाडीत असो. गेल्या आठवड्यात भावाच्या मोटरसायकलवर मागे बसले होते तर तिथेही म्हणाले. तो म्हणाला, "ताई, गाडी मी चालवतोय."

तुझी सगळी कहाणी तू नेरळला गाड्या तुंबल्या की सांगायचीस. माळ्यावरून पेंढा काढताना पडलीस ते. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, "औषधपाणी करा आनि धाडून द्या" म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही ते. तू हे हसत सांगायचीस. "धाडून द्या म्हनं. मी काय कुरियर हाय?" भावाने ठेवून घेतलं, भाऊ गेल्यावर वहिनीने ठेवून घेतलं, आणि तू हाताने फिरवायच्या मशीनवर अख्ख्या आळीचे ब्लाऊज शिवलेस. पण खरा जीव तुझा सुंदरावर, धाकट्या बहिणीवर. कशेळ्याच्या पुढच्या गावात दिलेली. महिन्यातून एकदा ती दोन जीप बदलून यायची, तुझं डोकं न्हाऊ घालायची, वेणी घालायची, घरातल्यांना चार शब्द सुनवायची आणि संध्याकाळच्या गाडीने जायची. ती येऊन गेली की दुसऱ्या दिवशी तुझ्या केसांना शिकेकाईचा वास यायचा आणि तू कुणाला टाकून बोलायची नाहीस.

गाडीच्या नियमावरून तू पहिल्यापासून साहेबांच्या मागे लागली होतीस. गाडी फक्त उपचारासाठी, आणि तीही आदल्या दिवशी सांगून ठेवायची. तुझं म्हणणं, "मी आजारी नाय. माझे पाय चालत नायत. लोक पायानं फकस्त दवाखान्यात जातात का?" एकदा नेरळच्या रस्त्यावर झाड पडलं म्हणून मी तुला कशेळ्यावरून वळसा घालून आणलं होतं. बाजाराचा दिवस होता. तू गाडी थांबवायला लावलीस, सुकटवाल्या बाईला हाक मारून गाडीपाशी बोलावलंस, पाटी उतरवून घेतलीस, दाणा न् दाणा निवडलास, भावावरून तिच्याशी भांडलीस आणि एवढीशी सुकट घेतलीस. आठवडाभर गाडीला वास येत होता. साहेबांनी विचारलं, मी म्हटलं औषधाचा असेल. पुढे दर सोमवारी व्यायामाला जाताना तू विचारायचीस, "नेरळचा रस्ता बंद नाय का गं आज?"

पण बाजार, जत्रा, लग्न, हे तुझं वरवरचं होतं. तुला पाहिजे होतं मयताला जायला. मला आधी ते चमत्कारिक वाटायचं. मग तू एकदा नीट समजावून सांगितलंस. "लग्नाला नाय गेलं तर चालतं, आहेर धाडला की भागतं. मयताला सोताच जायला लागतं. आळीत कोन गेलं की माझ्या ओटीपुढनं सगळी जातात, मी बसलेली असते. परत येताना पन माझ्याच पुढनं येतात, ओल्या अंगानं. कुनी बोलत नाय. मी कुनाच्या मयताला गेले नाय मंदे. माझ्या मयताला कोन कशाला येईल?" मी "धरा" म्हणाले, खड्डा होता खरंच.

आता त्या मंगळवारचं बोलू या. टाळून काय होणार?

श्रावण लागला होता. मंगळवार आणि शुक्रवार गणपतभाऊंचे, हे तुला माहीत होतं. पळसदरीचे भाऊ, रेल्वेत गँगमनचं काम केलेले, साखरेने एक पाय गुडघ्याखाली गेला आणि मागाहून मूत्रपिंडंही गेली. आठवड्यातून दोनदा खोपोलीला डायलिसिस. बायको नाही, मुलगा कारखान्यात पाळीला जातो. सोबत माणूस असल्याशिवाय तिथे मशीनवर घेत नाहीत, कारण मशीनवर असताना भाऊंचं प्रेशर कधी खाली जाईल सांगता येत नाही. म्हणून मी नुसती सोडून येत नाही, दिवसभर बसते. भाऊंचं माणूस म्हणजे मीच. त्या वेळी आदल्या शुक्रवारची त्यांची पाळी मशीन बंद असल्यामुळे हुकली होती. तोंड सुजलं होतं, डोळे बारीक झाले होते, एक वाक्य बोलले की धाप लागत होती. त्यांना गाडीत घेतलं, पट्टे लावले आणि तुझा फोन आला. पट्टे लावताना मी फोन मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे भाऊंनीही ऐकला.

"मंदे, सुंदरा गेली गं. रातीच गेली. गाडी आन."

"आक्का, भाऊ गाडीत आहेत. खोपोलीला निघालेय."

मग तू म्हणालीस, "घरात कोन नाय. सगळी जीप करून गेली. मला म्हनाली, उचलून घालतो जीपमधी. मी म्हनले नको, तुमी व्हा पुढं. माझी मंदा येईल."

आक्का, हे तू फोनवर सांगायला नको होतंस. मी पळसदरीच्या रस्त्यावर उभी, एका हातात पट्टा, भाऊ मागून म्हणतायत, "मंदा, आपन आक्काकडं जाऊ. माझं शुक्करवारी बगू." आणि हे म्हणताना त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी तुला म्हणाले, "दुपारपर्यंत थांबवायला सांग मयत." तू म्हणालीस, "पावसाचं कोन थांबवतंय?" मी गाडी खोपोलीकडे काढली.

दुपारी भाऊंना घरी सोडून मी तशीच पोशीरला आले, वाटेत कुठे थांबले नाही. तू ओटीवर खुर्चीत बसली होतीस. चांगलं पातळ, सुंदराने दिलेलं. कुणीतरी चहा ठेवून गेलं होतं, त्यावर साय धरली होती. तू रडलेली दिसत नव्हतीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आता कशाला आलीस? मला दवाखान्यात कुटं जायचंय?"

त्यानंतर कितीतरी सोमवार आणि गुरुवार आपण दोघी गाडीत मुक्या होतो. मी विचारायची, "हात लावू का?" तू मान हलवायचीस. मी "धरा" म्हणायची, तू धरायचीस. संपलं. मी चिडले होते. तू चिडणार हे बरोबर, पण मी का चिडावं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. मी चूक केली असती तर पाय धरून मोकळी झाले असते. चूक केली नव्हती हीच तर पंचाईत होती.

शेवटी तूच तोंड उघडलंस. भाऊ सोमवारी नवा पाय लावून चालायचा सराव करायला तुझ्याबरोबरच कर्जतच्या केंद्रात यायचे. त्या दिवशी ते आले नव्हते, गाडीत आपण दोघीच.

"डायलिसिस दुसऱ्या दिशी बी होतं," तू खिडकीकडे बघत म्हणालीस. "मयत दुसऱ्या दिशी होत नाय."

"भाऊंना दुसऱ्या दिवसावर टाकलं असतं तर त्यांचंही मयत झालं असतं. मग काय, दोन्हीकडे गेली असतीस?"

"तुझी भन असती तर?"

"तरी तेच केलं असतं."

"माजी शपथ?"

"तुझी शपथ," मी म्हणाले. एवढं तोंड वर करून म्हणाले की गाडी बाजूच्या रिक्षाला लागता लागता राहिली.

तेव्हापासून हा आपला कायमचा वाद झाला. तू मधूनच विचारायचीस, तुझी भन असती तर, आणि मी म्हणायची, तरी तेच. कधी भांडणाने, कधी थट्टेने. भाऊ बिचारे मध्ये बसून कानकोंडे व्हायचे. एकदा त्यांनी हात जोडले. "आक्का, तुमच्या भनीचं मयत माज्यामुळं चुकलं." तू म्हणालीस, "तुमी काय केलंत? तुमी फकस्त जगलात." भाऊंना कळेना हे चांगलं की वाईट. मलाही कळलं नव्हतं. पण पुढच्या सोमवारी तू त्यांच्यासाठी सदरा शिवून आणलास. डाव्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत उघडता येईल अशी चीर आणि बंद, म्हणजे सुई टोचायला सदरा काढायला नको आणि एसीत उघड्या अंगाने पडायला नको. खोपोलीच्या सिस्टर बघत राहिल्या. मग बाकीच्या पेशंटांनी मापं पाठवली. तू सगळ्यांना शिव्या घालत शिवलेस, म्हणे मला काय दुसरं काम नाय.

आणि नियम बदलला तोही तुझ्यामुळेच. मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन इतका आरडाओरडा केला की शिपाई बाहेर जाऊन उभा राहिला. साहेब वाईट नाहीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरं, मयताला आधी सांगायची गरज नाही, फोन आला की गाडी जाईल, फक्त गाडीत पेशंट नसला पाहिजे. मी धावत तुला सांगायला आले. तू शिवण खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "म्हनजे मंगळवारी आनि शुक्करवारी कुनी मरायचं नाय." पण खूश झालेली मला दिसलीस.

मग काय विचारतेस. पोशीर, कळंब, नेरळ, कुठे कोण गेलं की तुझा फोन. "मंदे, त्या किसनच्या सासऱ्याचं कळलं का?" तुझ्या ओळखी तरी किती. कधी कधी आपण घरच्यांच्याही आधी पोचायचो. तू खुर्चीत बसून बायकांच्या घोळक्यात, कुणाच्या पाठीवरून हात फिरव, कुणाला पाणी दे. मी बाजूला गाडीपाशी उभी. पहिल्या वेळी परत येताना तू आरशात मला दिसत होतीस, डोळे पुसत होतीस, आणि मला वाटलं सुंदराची आठवण आली असेल. मी विचारलं तर म्हणालीस, "नाय गं. ती म्हातारी माझ्या गळ्यात पडून रडली. माझ्या गळ्यात कोन पडलं नव्हतं इतक्या वर्सांत." आक्का, तू तसं का म्हणालीस ते मला कळलं, आणि मी गाडी चालवत राहिले. मी गाडी थांबवून मागे यायला हवं होतं का? तू ओरडली असतीस. पण यायला हवं होतं असं आता वाटतं.

शेवटची फेरी बुधवारची. छातीत कफ धरला म्हणून तुला दवाखान्यात ठेवलं होतं, तिथून घरी आणायचं होतं. भात कापून झालं होतं, वाल पेरले होते. तू म्हणालीस, कशेळ्यावरून घे. रस्ता चांगला चालू होता, पण मी घेतली. बाजार नव्हता, दुकानं अर्धी बंद. तरी तू बघत राहिलीस. खोकत होतीस. कळंबच्या अलीकडे म्हणालीस, "मंदे, खरं सांग. परत तसंच झालं तर?"

"परत तेच करीन."

"हां," तू म्हणालीस. मला वाटलं दमलीस. ओटीवर तुला सोडताना मी म्हणाले, उद्या येते, आणि परवा संध्याकाळी परत येते. गुरुवारी मी येऊन गेले, तू झोपलेलीच होतीस, वहिनीने उठवू दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी पळसदरीला भाऊंना गाडीत घेतलं. निघायच्या आधी वहिनीला फोन केला, कशी आहे म्हणून. वहिनी म्हणाली, "झोपल्यात गं. शांत हायत." आवाज बसलेला वाटला, म्हटलं रात्रभर जागी असेल. मी भाऊंना म्हणाले, आक्का बरी आहे. भाऊ म्हणाले, देव पावला. आणि आम्ही खोपोलीला गेलो. दिवसभर मी नेहमीसारखी बसले. भाऊंचं मधे प्रेशर उतरलं, सिस्टरला हाक मारली, पाय वर उचलून धरला, तिने सलाईन सोडलं, ठीक झालं. बाहेर टपरीवर वडापाव खाल्ला. आता वहिनीने सांगितलेली वेळ आठवली की वाटतं, तुला उचललं तेव्हाच मी तो वडापाव खात होते, आणि टपरीवाल्याला मिरची तळून दे म्हणून सांगत होते.

भाऊंना घरात सोडून गाडीत बसले तेव्हा फोन आला. "मंदे, आक्का गेल्या गं. पहाटंच गेल्या." मी तशीच आले. गाडी नियमाने होती की नियमाबाहेर, कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तुझ्या मयताला सगळा गाव लोटला होता म्हणे, आक्का. कळंबची माणसं आली, नेरळची आली, ती गळ्यात पडलेली म्हातारी मुलाच्या हाताला धरून आली. तू म्हणायचीस ना कोण येईल. सगळे आले. मी सोडून.

मी पोचले तेव्हा घरात वहिनी आणि शेजारची एक बाई. तुला ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावला होता, वर पाटी पालथी. वहिनी म्हणाली, "उद्या सकाळी बगायचं, आक्का कुटल्या जल्माला गेल्या, पिठात कसलं पाऊल उमटतंय ते." माझ्या तोंडातून निघून गेलं, "पाऊल काय शोधता वहिनी, चाकाचा माग बघा." वहिनीने तोंडात पदर घातला आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने जो हंबरडा फोडला, तो ऐकून शेजारची बाई घाबरली. मीही रडले. मग डोळे पुसले आणि मला राग आला. मी वहिनीला म्हणाले, "सकाळी फोन केला तेव्हा झोपल्यात म्हणालात. तेव्हा आक्का गेली होती. खोटं का बोललात माझ्याशी?"

वहिनी म्हणाली, "माझ्यावर आन घातली व्हती त्यांनी. बुधवारी तू सोडून गेलीस ना, त्याच रातीला. म्हनाल्या, मंगळवार नायतर शुक्करवार असला, तर मंदाला गनपत घरी पोचल्यावर सांगायचं. त्याच्या आधी नाय. ती फोन करंल, तरी नाय."

"का पण?"

"मी पन तेच इचारलं. म्हटलं, अवो आक्का, ती कशाला गाडी फिरवंल? तुमच्या भनीला तरी फिरवली का तिनं? तर म्हनाल्या, सुंदरासाठी नाय फिरवली. माज्यासाठी फिरवंल. आनि म्हातारा मरंल."

मी अंगणात येऊन उभी राहिले. तुझी खुर्ची धुऊन भिंतीला लावून ठेवली होती, पाणी निथळत होतं. आक्का, मी तुझ्यावर इतकी कधीच रागावले नव्हते. खुर्चीला हात लावायच्या आधी विचारायला लावणारी तू, आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. माझ्या वतीने परस्पर ठरवून मोकळी झालीस. मी शेवटचं तुझं तोंड बघितलं नाही. पाणी पाजलं नाही, फूल वाहिलं नाही. गावातली सतरा माणसं तुझ्या पाया पडली आणि मी खोपोलीत मिरची मागत होते. मयताला सोताच जायला लागतं, हे मला शिकवणारी तूच होतीस की नाही?

आणि त्याच दमात मनात येतं की भाऊ आहेत. काल फोन केला होता त्यांनी. बारा वाक्यं एका दमात बोलले, तुझ्याबद्दलच, आणि शेवटी म्हणाले, "मंगळवारी येतीस ना?" येते म्हणाले. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्यांनी पुन्हा हात जोडले तर आता उत्तर द्यायला तू नाहीस.

तुझी भन असती तर, असं तू विचारायचीस. मी दरवेळी तोंड वर करून सांगायची, तरी तेच. तुझी शपथ घेऊन सांगायची. आणि मला खरंच तसं वाटायचं गं, मी खोटं बोलत नव्हते. दुसऱ्याच्या बहिणीच्या वेळी मला भाऊंचा श्वास ऐकू आला होता, म्हणून मला वाटायचं की तो मला कायम ऐकू येईल. तू मला ओळखून होतीस, मी नव्हते. वहिनीने शुक्रवारी फोनवर खरं सांगितलं असतं ना आक्का, तर मी पळसदरीतूनच गाडी फिरवली असती. भाऊ मागे पट्ट्यांत बसलेले असताना फिरवली असती, आणि त्यांना धाप लागलेली मला ऐकूसुद्धा आली नसती.